पाणमांजरांच्या मुक्कामी

बुधवार, ८

उद्या निघायचं. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

एकाहत्तराव्या वर्षी घरची गादी सोडून समुद्राकाठी तंबूत झोपायचं, ही कल्पना भिंगरीची. भिंगरी म्हणजे माझी नात. वय आठ. ती एका जागी बसलेली दिसली तर कपाळाला हात लावून ताप बघावा. शाळेत कुणीतरी पाणमांजरांबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पाणमांजर शिट्टी मारतं. पाणमांजर पिल्लाला मानगुटीला धरून पाण्यात नेतं. जेवताना, अंघोळीला जाताना, झोपताना पाणमांजर.

जागा सूनबाईनं शोधली. शहरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, टेकडीपलीकडचा एकाकी किनारा. चार-दोन तंबूंची जागा, देखभालीला एक मालकीणबाई, बाकी सगळी वस्ती जनावरांची. मोबाइलला रेंज नाही. सूनबाई इस्पितळात एक्स-रे काढते. लोकांची मोडकी हाडं बघून कंटाळा आला असेल, तिलाही चार दिवस मोकळी हवा हवीच.

पण मला वाटतं, खरं कारण वेगळं आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही दुसरं कुणी वाचत नाही. गेले दोन महिने सूनबाईला मला काहीतरी सांगायचं आहे. दारात येऊन उभी राहते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "चहा टाकू का, बाबा?" मुलगा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आम्ही तिघं एकमेकांना धरून आहोत. वेलीनं खांबाला धरलंय की खांबानं वेलीला, ते आता सांगता यायचं नाही. अशा माणसाला तोंडावर काही सांगणं कठीण असतं, हे मला समजतं.

परवा तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला नव्या माणसांची सवय होते का हो लवकर?"

मी म्हटलं, छापखान्यात मुद्रितं तपासत होतो तेव्हा उभ्या नोकरीत माझ्या शेजारी त्याच तीन माणसांची टेबलं होती, आणि त्यातल्या एकाशी मी कधी बोललो नाही.

"हं," म्हणाली आणि गेली.

जे कळायचं ते मला कळलं. वृद्धाश्रमांना हल्ली फार गोड नावं असतात. समुद्राकाठी नेऊन सांगणार असेल. तिचाही दोष नाही. एकटीनं किती ओढायचं?

बरोबर इस्पितळातला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस येणार आहे. त्याची मोठी गाडी आहे, तंबूही त्याच्याच ओळखीत मिळाले, असं सूनबाई म्हणाली. म्हटलं, बरं.

गुरुवार, ९ — संध्याकाळ

पोचलो. पाठ मोडली आहे, पण तक्रार करवत नाही, इतकं सुंदर आहे.

टेकडी उतरताना वळणावर गवतात हरणं उभी होती. आमची गाडी थांबली तरी ती पळाली नाहीत. कान तेवढे आमच्याकडे वळवले. जणू पाहुणे कोण आलेत ते घरातल्या मोठ्या माणसांनी बघून घ्यावं आणि पुन्हा आपल्या कामाला लागावं. भिंगरी चक्क गप्प होती. मी कपाळाला हात लावून बघितला.

लिफ्टवाले बेचाळिशीचे असतील. उंच, आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखे थोडे वाकलेले. सूनबाईला "मॅडम" म्हणतात, मला "काका". दिवसभर उंच इमारतीच्या पोकळीत दोरावर लोंबकळणारा माणूस, तेव्हा तंबू म्हणजे डाव्या हातचा मळ असेल असं मी धरून चाललो होतो. तंबू दोनदा पडला. दुसऱ्यांदा ते स्वतः आत असताना पडला. आतून आवाज आला, "काका, दार कुठल्या बाजूला आहे?" मी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. बाहेर उभी सूनबाई माझ्याकडे बघत राहिली, हसायचं सोडून.

जागा मात्र नशिबानं फार छान मिळाली. जमीन सपाट, खाली एक खडा नाही. नळ चार पावलांवर. संडास-न्हाणीघराला जाताना एक पायरी चढावी लागत नाही. पाठ टेकायला मोठा गुळगुळीत दगड, आणि दुपारच्या उन्हाला आडवं येणारं झाड. इतर तंबू उतारावर आहेत, ती माणसं रात्री घरंगळत असतील. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

जेवायला लिफ्टवाल्यांनी शेकोटीत बटाटे भाजले, अंडी उकडली. माझा बटाटा त्यांनी न सांगता सोलून, कुस्करून दिला. माझ्या डाव्या बाजूच्या दाढा गेल्यात हे त्यांच्या लक्षात आलं असणार. चहाही बिनसाखरेचा. असं निरीक्षण असलेली माणसं हल्ली कमी.

कुरव पक्षी मात्र महाचोर आहेत. एकानं माझ्या हातातला पाव नेला, आणि वर ओरडला मलाच.

शुक्रवार, १०

सकाळपासून काय काय बघितलं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

उजाडताना कोल्हा. तांबूस, शेपूट जमिनीला समांतर. वाळूवरून असा निघाला होता की वाटावं, कामाला उशीर झालाय. मग समुद्रगरुड, झाडाच्या शेंड्यावर. मासा पायात धरून आला, आणि मासा अजून शेपटी हलवत होता. मग डॉल्फिन. किती ते मोजता आले नाहीत. पाणी आरशासारखं होतं आणि त्यात त्या काळ्या पाठी वर येत, बुडत. जवळच्या तंबूतली माणसं धावत आली. कुणाची ओळख ना देख, पण सगळे एकमेकांना "तिकडे, तिकडे" म्हणून दाखवत होते. मी आयुष्यभर कागदावरच्या चुका शोधल्या. नजर तशीच झाली आहे, जिथे जाईन तिथे आधी चूक दिसते. आज सकाळी मला एकही दिसली नाही.

लिफ्टवाले खेकड्यांना भितात. खोटं नाही. बोटभर खेकडा तिरका तिरका तंबूकडे आला तर हा धिप्पाड माणूस खुर्चीवर उभा.

भिंगरी म्हणाली, "त्याला खेकड्यांची भीती वाटते. आणि बाथरूममधल्या पालीची पण."

सूनबाई म्हणाली, "त्याला नाही, त्यांना म्हणावं."

मी विचारलं, कुठल्या बाथरूममधली पाल? भिंगरी म्हणाली, "कुठलीही," आणि पळाली. पोरांच्या बोलण्याला काही ताळतंत्र नसतं.

दुपारी मला एक कल्पना सुचली आणि मी तिच्यावर खूश आहे. लिफ्टवाल्यांना मी सरळ विचारलं, लग्न का नाही केलं? ते म्हणाले, जमलं नाही, आणि पाणी आणायला गेले. पाण्याचे सगळे डबे भरलेले होते. लाजाळू आहेत. माझ्या बहिणीची मुलगी बँकेत आहे, एकोणचाळिशीची. बोलायला तिखट, पण मनानं लोणी. अशा शांत माणसाला तसंच कुणीतरी हवं. दोघांचं जमलं तर माझ्या हातून जाता जाता एक चांगलं काम होईल.

सूनबाई नळावर भांडी घासत होती. तिला सांगितलं. तिच्या हातातून ताटली निसटली.

"त्यांना विचारलंत का?" ती म्हणाली.

म्हटलं, आधी तुझं मत हवं. तू त्यांना रोज बघतेस. माणूस कसा आहे?

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "चांगले आहेत, बाबा." डोळ्यांत पाणी होतं. शेकोटीचा धूर बाधला असणार. वारा तसा समुद्राच्या बाजूला होता, पण धुराचं काही सांगता येत नाही.

इथे रेंज नाही, नाहीतर बहिणीला आजच फोन केला असता.

रविवार, १२

काल लिहिलं नाही. आज लिहितो, आणि जसं घडलं तसं लिहितो.

शनिवारी सकाळी ओहोटी होती. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, उजव्या अंगाच्या खडकांना वळसा घातला की छोटीशी खाडी आहे, पाणमांजरं तिथेच. पण भरती लागायच्या आत परत या, मागची वाट बुडते. मी ऐकलं होतं. भिंगरीचा हात धरून मी निघालो, सूनबाईला हाक मारून सांगितलं, ती तंबूमागे कपडे वाळत घालत होती.

तिथे पोचलो आणि मी घड्याळ, वय, भरती, सगळं विसरलो. एक मादी आणि तिची दोन पिल्लं. ओल्या खडकावर मासा पायांत धरून ती कडाकडा खात होती, पिल्लं तिच्या तोंडातलं ओढत होती. मग तिनं एका पिल्लाला मानगुटीला धरलं आणि सरळ पाण्यात नेलं. ते ओरडलं. शिट्टी वाजावी तसा आवाज. भिंगरीनं माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय. तिचं सगळं म्हणणं त्या दाबण्यात होतं.

मागे वळून बघितलं तेव्हा वाट नव्हती.

पाणी गुपचूप आलं होतं. लाटा नाहीत, आवाज नाही, नुसतं वाढत होतं. आम्ही दोघं उंच खडकावर चढून बसलो. खडकाची उंची किती आणि पाणी कुठवर येतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मनात एकच आलं: हिला काही झालं तर हिच्या बापाला मी काय तोंड दाखवू? आणि मग आठवलं, तोंड दाखवायला तो आहे कुठे. तिथे मात्र मला रडू आलं.

आम्ही हलत नव्हतो म्हणून असेल, पण पाणमांजरं आणखी जवळ आली. खडकाभोवती फेऱ्या घालायला लागली. एक पिल्लू तर आमच्याकडे मान वर करून बघत होतं, शेजारच्या घरातलं मूल कठड्यावरून डोकावतं तसं.

"आजोबा, रडू नका," भिंगरी हळूच म्हणाली. "ती घाबरतील."

तेवढ्यात पलीकडच्या खडकांवर सूनबाई दिसली, आणि तिच्या पुढे लिफ्टवाले. त्यांनी कमरेला दोर बांधला होता, दुसरं टोक सूनबाईनं एका सुळक्याला वेढा देऊन दोन्ही हातांनी धरलं होतं. ते पाण्यात उतरले. पाणी छातीला लागलं. त्यांना पोहता येत नाही, हे मला नंतर कळलं. बरं झालं नंतर कळलं.

आमच्या खडकाला त्यांनी हात घातला तेव्हा कपारीतून एक खेकडा बाहेर आला, चांगला मुठीएवढा, आणि त्यांच्या हातावरून चालत गेला. त्यांनी तो बघितला. चेहरा पांढरा पडला. हात काढला नाही.

आधी भिंगरीला खांद्यावर घेऊन गेले, मग माझ्यासाठी परत आले. मध्येच माझा पाय घसरला, आणि तिकडून सूनबाई ओरडली, "अरे, तू आधी पाय रोव! बाबांना मागून धर, खांदा दे त्यांना!"

"हो गं! तू दोर सोडू नकोस!"

बरगड्यांपर्यंत पाण्यात होतो तरी माझा कान तिथे अडखळला. सवय आहे कानाला. पण संकटात माणसाचं व्याकरण पहिलं वाहून जातं. आगीत कुणी "कृपया" म्हणत नाही. काठावर आल्यावर लिफ्टवाले धापा टाकत म्हणालेच, "मॅडम, काकांना टॉवेल द्या."

सूनबाईनं भिंगरीला धरलं, मग मला धरलं, आणि एक शब्द रागाचा बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

आज दिवसभर पाठ टेकून उन्हात बसलो. चहा. पाव. पुन्हा चहा. कुरवानं पाव मागितला आणि मी दिला. आज मागेल त्याला देईन असं वाटतंय. चार माणसं एका शेकोटीभोवती बसलो आहोत, सगळी कोरडी, सगळी जिवंत. यापलीकडे मागायचं काय असतं?

लिफ्टवाल्यांचं त्या मुलीशी जमवायचंच. असा माणूस नात्यात हवा.

सोमवार, १३

मालकीणबाई तब्येत विचारायला आल्या. सूनबाई आणि भिंगरी शिंपले वेचायला गेल्या होत्या, लिफ्टवाले लाकडं आणायला. बाई बसल्या, भरतीवरून मला चांगलं झापलं. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुमची लेक आणि जावई आले होते, तेव्हाच मी त्यांना भरतीचं सांगून ठेवलं होतं."

म्हटलं, बाई, तुमची गल्लत होतेय. ती माझी सून. आणि ते इस्पितळातले लिफ्टवाले.

"तेच दोघं," त्या म्हणाल्या. "जागा बघायला आले होते ना तुमच्यासाठी. सगळ्या जागा बघितल्या. नळ किती लांब, वाटेत पायरी आहे का, दुपारी ऊन कुठून येतं. तो गडी तर जमिनीवर पालथा-उताणा झोपून बघत होता, पाठीला काही टोचतंय का. मी इतकी वर्षं ही जागा सांभाळतेय, असं गिऱ्हाईक बघितलं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "बोलू नये ते बोलले का मी?"

मी म्हटलं, नाही.

आज एवढंच.

सोमवार, संध्याकाळ

एवढंच म्हटलं होतं, पण डोकं थांबत नाही.

सगळं एका ओळीत लागलं. कुस्करलेला बटाटा. बिनसाखरेचा चहा. बाथरूममधली पाल, ती तर आमच्याच बाथरूममधली, खिडकीमागे राहते. म्हणजे मी बहिणीकडे गेलो होतो तेव्हा तो घरी येऊन गेला. भिंगरीला ठाऊक, मालकीणबाईंना ठाऊक, त्या कोल्ह्यालाही ठाऊक असेल. आणि मी त्याला माझ्या भाचीचं स्थळ दाखवत होतो. तेही कुणापुढे? देवा.

आधी राग आला. मग लाज. मग जे आलं त्याला नाव नाही.

दोन महिने मी समजत होतो की ही मला घराबाहेर काढणार आहे, आणि ते मी मनातून पत्करलंही होतं. बॅगेत काय भरायचं इथपर्यंत. आता कळतंय की तिला कुणालातरी घरात आणायचं आहे. मग हे जास्त का दुखावं? मी बाहेर जाणं चालत होतं, आणि माझ्या मुलाच्या घरात दुसरं कुणी येणं चालत नाही?

आपल्या भाषेत नात्यांना शब्दांची ददात नाही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू. मुलाच्या सासऱ्याला व्याही. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला जाऊ. पण सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं? आणि त्यानं मला काय म्हणायचं? शोधून शोधून दमलो. असा शब्द कुणाला लागलाच नाही, की लागला आणि कुणी उच्चारला नाही?

पोट बरं नाही सांगून जेवलो नाही. थोड्या वेळानं तंबूच्या तोंडाशी पावलं आली, काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, पावलं परत गेली. बघितलं तर कुस्करलेला बटाटा, वर झाकण, झाकणावर दगड. कुरवांपासून जपायला.

खाल्ला. थंड व्हायच्या आत.

मंगळवार, १४

सकाळी सूनबाई पाण्याच्या कडेला एकटी उभी होती. मी जाऊन वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसलो आणि तिला बोलावलं. पुढ्यात बगळे उथळ पाण्यात एका पायावर उभे होते. त्यांनाही कुणीतरी बोलायची वाट बघत असल्यासारखं वाटत होतं.

म्हटलं, "भाचीचं स्थळ मी मागे घेतो."

तिनं झटकन माझ्याकडे बघितलं, खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवलं. हसतेय की रडतेय कळेना. मला वाटतं, तिलाही कळत नसावं. मालकीणबाई काय बोलल्या ते मी सांगितलं.

"मी कितीदा सांगायला आले, बाबा," ती म्हणाली.

"आणि दर वेळी चहा टाकलास. माझी झोप उडाली ती उगाच नाही."

मग तिनं सांगितलं. वर्षभरापूर्वी इस्पितळाची लिफ्ट मध्येच अडकली आणि ही आत होती. बाहेरून तो बोलत राहिला. घाबरू नका, मी आहे, असलं काही नाही. आज जेवायला काय, मुलगी कितवीत, असलं. दार उघडेपर्यंत ही हसत होती. ती म्हणाली, मुलगा गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी तिला बिचारी समजून बोललं नाही. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा हिनं सांगून टाकलं, घरात बाबा आहेत, आणि ते राहणार आहेत.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग मी कुठे झोपायचं तेवढं बाबांना विचार."

मी हसलो नाही, पण हसायला आलं होतं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी करणार नाही, बाबा."

तेव्हा मात्र मी जरा कडक बोललो. म्हटलं, "ते ओझं माझ्यावर टाकू नकोस. मी हो म्हटलं म्हणून करू नकोस आणि नाही म्हटलं म्हणून थांबू नकोस. तुला हवंय ना? मग बस्स."

ती अगदी हळू म्हणाली, "मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय. फार भीती वाटते."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "मलाही." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही. मग मी विचारलं, त्याची शिंक आठवते का? ती एकदम माझ्याकडे वळली. ती शिंक! वरच्या मजल्यावरची माणसं खिडकी लावून घ्यायची. लहानपणी एकदा तो शिंकला आणि दूधवाल्याच्या हातून किटली सुटली होती, हे मी तिला सांगितलं. हे तिला ठाऊक नव्हतं. मग तिनं सांगितलेलं मला ठाऊक नव्हतं. ऊन वर येईपर्यंत आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा. दोघंही एकमेकांना जपायचं म्हणून त्याचं नाव घेत नव्हतो, असं दिसतंय.

दुपारी नळावर लिफ्टवाला भांडी घासत होता. मी शेजारच्या दगडावर बसलो. त्याला कळलं होतं की मला कळलंय. ताटली तीच तीच घासत होता.

विचारलं, "खेकड्यांची भीती कधीपासून?"

"लहानपणापासून, काका."

"आणि तरी आलास."

"तेव्हा खेकडे दिसले नाहीत."

"तुझ्या हातावरून गेला. मी बघितला."

"हो," तो म्हणाला. "मोठा होता."

मी फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागलो. तो घासून देत होता, मी पुसून ठेवत होतो. बोलायला पुष्कळ होतं, पण भांडी संपेपर्यंत दोघांनाही ते सुचलं नाही.

बुधवार, १५ — सकाळ

आज निघायचं. सामान आवरायचं म्हणून मी पहाटेच उठलो. लिफ्टवाला शेकोटी विझवत होता, भिंगरी शिंपल्यांना निरोप देत होती. एकेकाला. सूनबाई दिसेना. मायलेकींच्या तंबूत डोकावलो.

ती झोपली होती. कुशीवर, हात उशाखाली, तोंड किंचित उघडं. भिंगरी हाक मारणार होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तीन वर्षांत मी तिला झोपलेली बघितली नव्हती. मी उठायच्या आधी ती उठलेली असते, मी झोपल्यावर ती दिवा मालवते. सुटीच्या दिवशीही. कुणीतरी पुन्हा अचानक जाईल म्हणून ती पहाऱ्यावर बसल्यासारखी जागी असते, असं मला कधी कधी वाटायचं. आज पहारा उठला होता.

आम्ही तिघांनी खुणेनं बोलून कामं वाटून घेतली. लिफ्टवाल्यानं स्वतःचा, मग माझा तंबू उतरवला, खुंट्या उपटताना एकेक हातात धरून, आवाज होऊ नये म्हणून. या वेळी एकही त्याच्या अंगावर पडला नाही. मी भांडी फडक्यांत गुंडाळून भरली. भिंगरीनं, म्हणजे भिंगरीनं, चवड्यांवर चालत चादरी गाडीत नेल्या. खुर्च्या गेल्या, दोर गेला, पाण्याचे डबे गेले. सगळी जागा मोकळी झाली. मध्ये एकच तंबू उरला, आणि त्यात ती.

शेजारच्या माणसांनी जाता जाता हात हलवले. हरणं उतारावर आली, थोडा वेळ चरली, गेली. आम्ही तंबूसमोर वाळूत बसून राहिलो. लिफ्टवाल्यानं उरलेल्या पावाचे तीन तुकडे केले.

जागा रिकामी करायची वेळ झाली म्हणून मालकीणबाई लांबून हाक मारत आल्या. लिफ्टवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. भिंगरीनं ठेवलं. मीही ठेवलं. बाईंनी आमच्याकडे बघितलं, तंबूकडे बघितलं, चपला हातात घेतल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

ऊन तंबूवर आलं तेव्हा आम्ही उठलो, आणि गाडीतून परत काढलेल्या एका चादरीची दोन टोकं त्यानं, दोन मी, अशी वर धरून तिच्यावर सावली केली. हात भरून आले. पण अजून थोडा वेळ झोपू दे, असं दोघांचंही मत पडलं.